रुखवतातली काळी डबी

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तीच चौकट उमटली. हे उपकरण वापरात आहे, ते वापरणारं जे काही उघडं असेल ते बंद करा आणि मग प्रयत्न करा, अशा अर्थाचं थंडगार इंग्रजी.

"काय म्हणतंय गं?" रेवतीनं माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं. रेवती माझी चुलतजाऊ. त्या वर्षी आम्हा दोघींची मंगळागौर एकत्रच होती. शेजारी शेजारी बसून पूजा करून आम्ही नुकत्याच उठलो होतो, आणि तिच्या हातांना अजून आघाड्याचा आणि दूर्वांचा वास येत होता.

"म्हणतंय, मला कुणीतरी धरून ठेवलंय."

"मग ओढ की सरळ. मी तर आमच्याकडं ओढतेच. काही होत नाही."

"तुझं काही झालं नाही, म्हणून होत नाही असं नसतं."

"बरं बाई, मास्तरीणबाई," असं म्हणत ती पदर खोचून स्वयंपाकघरात गेली.

मास्तरीण मी होतेच. लग्नाआधी पाटणच्या संगणक वर्गात शिकवायचे. पोरांकडून घोकून घ्यायचे, की बाहेरची डिस्क कधी हिसकायची नाही. तिच्यावर काही लिहिणं चालू असताना ओढली, तर लिहिलेलं जातंच, शेजारचंही जातं. आधी कोपऱ्यातल्या त्या खुणेवर जायचं, निरोप मागायचा, तो मिळाला की मगच हात लावायचा. पोरं हसायची. म्हणायची, मॅडम, ही डिस्क आहे का पाहुणी?

माझी डिस्क मात्र पाहुणी नव्हती. ती माझ्याबरोबर रुखवतात आली होती.

माझ्या माहेरच्या शेजारी यमुनाकाकू राहायच्या. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. त्यांच्या ओसरीवर मी रांगले, चालले, अभ्यास केला. त्यांना गाणी किती येत होती हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. जात्यावर बसल्या की दळणाची यायची, कुणाच्या घरी हळद असली की हळदीची, श्रावणात झिम्मा-फुगडीची. सूर लागला की नवी ओवीही तिथल्या तिथे जुळायची. वर्गातला कॅमेरा आणि आवाज टिपायचं छोटं यंत्र घेऊन मी कैक सुट्ट्या त्यांच्यासमोर बसून काढल्या. लग्न ठरलं तेव्हा ते सगळं एका डिस्कवर घेतलं. वर्गातल्या संगणकावरची प्रत माझ्या राजीनाम्यामागोमाग पुसली गेली, ते छोटं यंत्रही बंद पडलं. राहिली ती ही काळी डबी.

काकूंनी तिला स्वतःच्या जुन्या लुगड्याची, गोधडीसारखे टाके घातलेली पिशवी शिवली आणि स्वतःच्या हातानं रुखवतात मांडली, लोकरीचे पोपट आणि साखरेचं तुळशीवृंदावन यांच्या मधोमध.

"रुखवतात बॅटरी मांडलीय का हो?" माझ्या नणंदेनं, वृंदावन्संनी, भर मांडवात विचारलं होतं. सगळ्या बायका हसल्या.

"हसा बायांनो," काकू म्हणाल्या. "लेकीसंगं माझा आवाज नांदाय चाललाय."

त्या मंगळवारी सकाळी, पूजेची पत्री निवडत असताना दादाचा फोन आला होता.

"कांचे, काकूंचं काही खरं नाही. काल वारं गेलं अंगावरून. उजवी बाजू गेली, वाचा गेली."

"शुद्धीत आहेत का?"

"शुद्धीत आहेत. ऐकू येतंय, समजतंय. सारखं हातानं असं गोल गोल करून दाखवतात. आईला वाटलं पाणी हवंय. मग वाटलं कूस बदलायचीय. मला उशिरा कळलं. जातं गं. गाणी मागतायत स्वतःची. घेऊन ये, आजच ये. डॉक्टर उद्याचं काही बोलत नाहीत."

सासूबाईंना सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "जा, नाही कोण म्हणतंय. पण पूजा होऊ दे, मुक्यानं जेवण होऊ दे. व्रताचं पान टाकून उठू नये. जेवलीस की दुपारची पाटण गाडी आहेच. रात्रीचं जागरण रेवती सांभाळेल."

पूजा झाली आणि मी डिस्क घ्यायला कपाट उघडलं. तिथे नव्हती. पिशवी संगणकाच्या टेबलावर रिकामी पडली होती आणि डिस्क वायरीनं जोडलेली होती. यांनी काल सिनेमा वगैरे बघितला असेल, असं वाटलं. कोपऱ्यातल्या खुणेवर गेले, निरोप मागितला. आणि ती चौकट.

वर्गात शिकवायचे तसंच एकेक करत गेले. उघड्या खिडक्या सगळ्या मिटल्या. गाणी लावायचा प्रोग्राम बंद केला. विषाणू शोधणारा पहारेकरी कधी कधी गुपचूप डिस्क चाळत बसतो, त्यालाही थांबवलं. डिस्कवरचं काकूंचं फोल्डर उघडून बघायचा फार मोह होत होता. उघडलं नाही. उघडलं की आपणच ती पुन्हा वापरात आणतो, हे मीच शिकवायचे ना.

डिस्कचा इवला निळा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तिच्यावर काहीतरी लिहिलं जात होतं. लिहिणारं कोण ते मात्र दिसेना. शेवटी चालू कामांची यादी उघडली आणि वापरणाऱ्यांच्या नावांवर गेले. तिथे दोन नावं होती. माझं, आणि माझ्या नवऱ्याचं, श्रीनिवासचं. सकाळी ऑफिसला जाताना यांनी आपलं खातं बंद केलंच नव्हतं, नुसतं कुलूप लावून गेले होते, आणि कुलपाआड काहीतरी चालू होतं. ते थांबवायला यांचा परवलीचा शब्द हवा. यांचं खातं मालकाचं, माझं साधं.

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा.

अख्खा संगणकच बंद करावा का? तसा प्रयत्न केला, तर त्यानं बजावलं की दुसरं कुणी काम करतंय, त्याचं न जपलेलं काम जाईल. यांचं ऑफिसचं काही असलं तर? आणि लिहिता लिहिता डिस्क तुटली तर काकूंची गाणीही फाटतील. मी 'रद्द' वर बोट दाबलं.

"कांचन, पानं वाढली," सासूबाईंनी हाक मारली.

दिवा लुकलुकत होता. होऊ दे त्याचं पुरतं, जेवण होईपर्यंत संपेल, असं मनाशी म्हणत मी उठले.

मंगळागौरीचं जेवण मुक्यानं असतं. नव्यानं लग्न झालेल्या वसोळ्यांनी पहिल्या घासापासून हात धुईपर्यंत शब्द काढायचा नाही. मग तुळशीचं पान खायचं आणि मौन सोडायचं. आणि बाकीच्यांनी त्यांना बोलतं करायचं, हा त्या दिवसाचा खेळ. कुणी मुद्दाम मीठ विसरतं, कुणी नवऱ्याचं नाव घेऊन चिडवतं. वसोळी हसून गप्प बसते. बोलली तर व्रत मोडलं, आणि व्रत असतं नवऱ्याच्या आयुष्यासाठी.

माझं पान मधल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून मांडलं होतं. दारातून संगणकाचं टेबल दिसत होतं, आणि तो निळा ठिपका.

पुरणपोळी अर्धी झाली असेल, तेवढ्यात हे आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, हातात मोगऱ्याच्या गजऱ्यांचा पुडा.

"अरे वा, मुक्यांची पंगत," म्हणत यांनी ताकाचं भांडं उचललं आणि वाढायलाच लागले. बायका खिदळल्या. माझ्या पानाशी आले तेव्हा म्हणाले, "किती फोन केलेस गं? मीटिंगमध्ये होतो. काय झालं?"

मी मधल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"डिस्क? ती राहू दे तशीच. ताईच्या खेळांचे सगळे व्हिडिओ चढवतोय तिच्यावर. सकाळी लावूनच गेलो."

वृंदावन्संचा मंगळागौरीच्या खेळांचा गट होता. एकसारख्या नऊवाऱ्या, कीबोर्ड, ढोलकी, दूरदूरच्या गावांहून आमंत्रणं. त्या कोशिंबीर वाढत होत्या. म्हणाल्या, "संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर लावायचेत. पाहुण्यांना बसल्या बसल्या बघायला."

"जागाच पुरेना पण," हे ताक ओतत म्हणाले. "मग तुझी ती जुनी गाणी होती ना, म्हाताऱ्या काकूंची, ती काढून टाकली. नाहीतरी त्यातली चांगली चांगली ताईनं बसवलीच आहेत की. उलट जास्त स्वच्छ ऐकू येतात."

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

वर्गात एकदा एका पोरीनं वर्षभराचा प्रकल्प चुकून पुसला होता. रडत माझ्याकडे आली. मी तिला म्हणाले होते, पुसलं म्हणजे गेलं नाही. घराची पाटी काढली म्हणून घर पडत नाही, त्या जागेवर दुसरं कुणी बांधेपर्यंत ते उभंच असतं. फक्त आता काही लिहू नकोस. असशील तशी थांब. तिचं सगळं मी परत काढून दिलं होतं.

निळा ठिपका लुकलुकत होता. म्हणजे बांधकाम चालू होतं. मी पूजेवरून उठले तेव्हा चालू होतं, खिडक्या मिटत बसले तेव्हा चालू होतं, आणि 'रद्द' वर बोट दाबलं तेव्हाही. आत्ता, या घटकेला जाऊन वायर हिसकली तर जेवढं वाचेल तेवढं वाचेल.

मी पानावरून उठायला लागले.

"उठली, उठली," कुणीतरी टाळी वाजवली. "आता बोलणार बघा."

"अहो, चेहरा बघा हिचा. ताक आंबट आहे वाटतं."

"नाव घेतेय का बघा. श्रीनिवासरावांचं नाव घे, मग सोडतो."

सगळ्या हसत होत्या. रेवतीही तोंडात घास धरून हसत होती. माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला असावा, कारण सासूबाई झटकन मागून आल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. हात मऊ होते. जड होते.

"बस," त्या कानाशी म्हणाल्या. "जे काय असेल ते पाच मिनिटांनी. माझ्या लेकाच्या नावाचं पान आहे हे. टाकून उठू नकोस, कांचन. मी हात जोडते."

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते त्यांचे. खरंच घाबरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी यांना रस्त्यावर मोठा अपघात झाला होता, आणि त्यातून हे वाचले ते आपल्या व्रतांनी, अशी त्यांची श्रद्धा होती.

"जेव गं," हे हसत म्हणाले. "मला मारतेस की काय."

मी बसले. पुरणपोळी तोंडात घातली. गोड होती, तूप सढळ होतं. गिळली. मग भात आला, तो खाल्ला. पुढं कुणी काय विनोद केले आठवत नाही. आठवतो तो ठिपका. देवघरातल्या समईपेक्षाही लहान, आणि समईसारखाच कुणी फुंकर घालू नये असा.

मग आतून 'टुण्' असा बारीक आवाज आला. ठिपका लुकलुकायचा थांबला.

हात धुतले. सासूबाईंनी तळहातावर तुळशीचं पान ठेवलं. ते चावलं आणि मौन सुटलं.

"आता बोल," हे म्हणाले. "काय एवढं अडलं होतं?"

"गाणी पुसायच्या आधी मला विचारायचं होतंत."

"अगं, विचारायचं काय त्यात? रुखवतातली वस्तू ती. घरचीच ना?"

वृंदावन्संनी मध्येच विचारलं, "म्हणजे संध्याकाळपर्यंत ती डिस्क नेणारेस की काय? मग व्हिडिओ?"

"संगणकावर आहेत की, तिथून लावू," हे म्हणाले. "नेऊ दे तिला."

म्हणजे ते व्हिडिओ संगणकावरही होते. टीव्हीला डिस्क जोडणं तेवढं सोयीचं होतं, इतकंच.

यांनी आपलं खातं उघडून बंद केलं. मी कोपऱ्यातल्या खुणेवर गेले आणि निरोप मागितला. या वेळी चौकट वेगळी होती. आता हे उपकरण सुरक्षितपणे काढता येईल.

"बघ," हे म्हणाले. "निघाली ना नीट? उगीच जीव खाल्लास."

पाटणच्या गाडीत डिस्क पिशवीत घालून मांडीवर घेतली होती. ती बराच वेळ गरम होती. खिडकीबाहेर कोयना लाल पाण्यानं भरून चालली होती आणि भाताच्या खाचरांतून बायका भांगलत होत्या. त्या काहीतरी म्हणत असाव्यात. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

काकू ओसरीच्या आतल्या खोलीत होत्या. उजवा हात रजईवर ठेवल्यासारखा पडला होता. मला बघून डावा हात हलला. गोल, गोल.

"आणलीय," मी म्हणाले. पिशवी त्यांच्या हाताला लावली. त्यांनी टाके चाचपले, स्वतःचेच. ओठ एका बाजूनं हसले.

दादानं लॅपटॉप आणून ठेवला. शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन बसल्या, काकूंचं गाणं ऐकायला. मी डिस्क जोडली. जिथे काकूंचं फोल्डर असायचं तिथे वृंदावन्संच्या कार्यक्रमांची नावं होती, गावांच्या नावासकट. डिस्क काठोकाठ भरली होती.

"लाव की," दादा म्हणाला.

"दादा..."

"अगं लाव. वाट बघतायत त्या."

काकूंचे डोळे माझ्यावर होते. काय सांगणार होते मी त्यांना, त्या घटकेला, त्या दारातल्या बायकांसमोर? मी व्हिडिओ लावला.

कीबोर्ड वाजला. ढोलकी. एकसारख्या हिरव्या नऊवाऱ्या रिंगण धरून फिरू लागल्या. काकूंचा डावा हात ताल धरायला वर आला, चाल त्यांचीच होती ना. ताल भरभर होता तरी त्यांनी गाठला. मग ती ओवी आली. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी जात्यावर हळद दळताना काकूंना सुचलेली:

कांचन माझी लेक, ओसरीला खेळं
तिच्या पावलानं माझं अंगण उजळं

पडद्यावरच्या बायका गात होत्या:

गौराई आमची लेक, ओसरीला खेळं

काकूंचा हात अधांतरी थांबला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत फक्त एक प्रश्न होता, आणि तो विचारायला वाचा नव्हती.

मी व्हिडिओ बंद केला. वायर सरळ ओढून काढली. "काकू, मी नाही दिली त्यांना," म्हणाले. "तुमची गाणी त्यांनी पुसली. आणि मी जेवत बसले."

त्यांना कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी पिशवी ओढून छातीशी घेतली आणि डाव्या हातानं ती काळी डबी माझ्याकडे सरकवली. हळूच, कुणाचं चुकून आपल्याकडे आलेलं भांडं परत करावं तशी. मग डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पिशवी मुठीतून सुटेना, तेव्हा आई म्हणाली, राहू दे तिच्याबरोबर.

मंगळागौरीचं व्रत पाच वर्षांचं असतं. माझं पुरं झालं नाही. पुढच्या श्रावणात मी त्या घरात नव्हते. श्रीनिवास ठणठणीत आहेत, असं कानावर येतं.

डिस्क अजून माझ्याकडे आहे, बिनपिशवीची. त्या वर्षी कित्येक दिवस मी तिच्यावर पुसलेलं परत काढणारे प्रोग्राम लावून बसायचे. पडदाभर नुसती नावं यायची. उघडलं की आत खरखर, नाहीतर वृंदावन्संच्या ढोलकीचा तुकडा.

एकच फाईल लागली. तीही सुरुवातीपुरतीच. आधी जात्याची घरघर ऐकू येते. मग जातं थांबतं. काकू खाकरतात.

"कांचे, चालू झालं का गं ते?"

मग माझा आवाज, लग्नाआधीचा, हसरा. "झालं काकू. म्हणा आता."

त्यापुढं काही नाही.